वीस ठोक्यांची जमीन

"तीन," मी मोजलं.

चौथ्या ठोक्याला सळई फूटभर आत गेली. हातोड्याचा दोर ओढणारे दोघे थांबून माझ्याकडे बघायला लागले. त्यांना वाटलं, मी मोजण्यात चुकलो. मलाही तेच वाटलं.

"परत घ्या," मी म्हणालो. "पुढचा फूट."

पुढचा फूटही चार ठोक्यांत गेला. त्याच्या पुढच्याला तर हातोडा नुसता टेकवला तरी सळई खाली सरकत होती.

आमचं काम तसं सोपं होतं. तीन पायांच्या लोखंडी तिकाटण्याला कप्पी, कप्पीवर दोर, दोराला त्रेसष्ट किलोचा हातोडा. तो अडीच फुटांवरून सळईच्या डोक्यावर सोडायचा आणि सळई फूटभर आत जायला किती ठोके लागतात ते वहीत मांडायचं. वीस किंवा त्याहून जास्त लागले, की जमीन पास. समुद्रात भराव घालून केलेल्या जमिनीचा यापलीकडे विश्वास धरायचा नसतो. वरून ती चांगली पांढरी वाळू दिसते, पोटात काय आहे ते सळईलाच कळतं.

तोवर मी त्या सहा एकरांत एकतीस चाचण्या घेतल्या होत्या. एकतीसच्या एकतीस पास. पंचविसाच्या खाली आकडा आला नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्या चुन्याच्या फुलीवर उधाणाचं पाणी तुंबलं होतं, म्हणून आम्ही तिकाटणं पंधरा पावलं अलीकडे उभं केलं, एवढंच काय ते वेगळं.

मी तिकाटणं उचलायला लावलं आणि आदल्या आठवड्यात पास झालेल्या जागेच्या खुंटीला खेटून उभं केलं. एकतीस ठोके. तिथून दहा पावलं बाजूला घेतलं. पाच. दुसऱ्या खुंटीशी एकोणतीस, तिच्यापासून दहा पावलांवर सहा. दुपारपर्यंत माझ्या तोंडचं पाणी पळालं. सहा एकरांत एकतीस ठिकाणी दगड होता आणि बाकी सगळीकडे शिरा.

त्या सहा एकरांवर आमचा दांडपाडा बसणार होता. ब्याऐंशी घरं कोळ्यांची. बंदरासाठी आमचा किनारा गेला, तेव्हा करार झाला की खाडीच्या तोंडाशी भराव घालून तिथे घरं बांधून देऊ, होड्यांना धक्काही देऊ. तीन वर्षं सगळं गाव पत्र्याच्या गाळ्यांत दिवस काढत होतं. करारावर गावातर्फे पहिला अंगठा होता माझ्या बापाचा, बाळाराम नाखव्याचा. प्रकल्पग्रस्ताचा मुलगा आणि डिप्लोमा झालेला म्हणून मला तिथेच माती तपासायची नोकरी मिळाली होती. भूमिपूजनाला आठ दिवस उरले होते. होळी नव्या जागेत पेटवायची असं गावाने ठरवूनसुद्धा टाकलं होतं.

जमीन ठोकणारी क्रेन सोपान ढाकणे चालवायचा. बीडकडचा, चाळिशीचा माणूस. बारा टनांचा लोखंडी गोळा पन्नास फूट वर न्यायचा आणि सोडून द्यायचा. गोळा पडला की अर्ध्या मैलावरच्या आमच्या गाळ्यांत ताटल्या वाजायच्या. बायका गमतीने म्हणायच्या, नव्या घराला आतापासूनच वास्तुशांतीचे ढोल लागले.

सोपान क्रेनच्या सावलीत भाकरी खात बसला होता. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो.

"सोपानराव, माझ्या फुलीवर गोळा किती वेळा सोडता?"

"पंधरा," तो म्हणाला. "येखाद्या टायमाला अठरा."

"आणि बाकीच्या जागी?"

"सात. कागदावर सातच हायेत की."

"मग फुलीवर पंधरा कशाला?"

त्याने भाकरीचा घास खाली ठेवला आणि लाजल्यासारखा हसला.

"मागल्या दिवाळीच्या टायमाला तिकडं बंदराच्या धक्क्यापाशी तुमची चाचणी नापास झाली, तवा खानोलकर सायबांनी तुमाला समद्यांम्होरं झापलं न्हाई का? मला लई वंगाळ वाटलं, सायेब. शिकल्यालं पोरगं, नवी नोकरी. तवाच ठरिवलं, तुमची फुली म्या नापास हू द्यायची न्हाई."

मला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण ओरडायचं कोणत्या तोंडाने? चाचणीची जागा आयत्या वेळी ठरवायची, कुणालाही आधी कळू द्यायची नाही, असं पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं आहे. मी मात्र आदल्या संध्याकाळीच चुन्याची फुली मारून घरी जायचो. म्हणजे सकाळी माणसं आपली आपण तिकाटणं उभं करतील आणि मला आरामात साडेनऊला यायला मिळेल. क्रेन सातला सुरू व्हायची. मी येईपर्यंत सोपानचे जादा ठोके पडून, डोझरने खड्डे बुजवून जागा सपाट झालेली असायची. पाच महिने मी माझ्याच आळसाची चाचणी घेत होतो आणि गावात सांगत होतो की जमीन कातळासारखी आहे.

भरावाच्या वाळूत गाळ मिसळून आला होता, हे उघड होतं. ओल्या गाळाला सात ठोक्यांनी काही होत नाही. फुलीवर पंधरा पडले की तेवढ्यापुरता गाळ बाजूला सरायचा आणि वाळू घट्ट बसायची. बाजूला सरलेला गाळ उरलेल्या सहा एकरांत आपला जसाच्या तसा.

संध्याकाळी बा होडीच्या बुडाला डांबर लावत होता. मी त्याला सगळं सांगितलं. डिप्लोमा झाल्यापासून मी घरातही पुस्तकी बोलायचो, याचा त्याला राग होता, पण त्या दिवशी त्याने टोकलं नाही.

"कती कच्ची हाय?" त्याने विचारलं.

"वीस ठोके हवेत. चार आहेत."

"माझे बापाचा घर शेनामातीचा होता. त्याला कोनी ठोके मोजले नवते."

"बा, ते खऱ्या जमिनीवर होतं. ही वर्षा-दोन वर्षांत एका अंगाला खचेल. भिंती तडकतील."

"तं टेकू लावू."

"ब्याऐंशी घरांना?"

"ब्याऐंशी टेकू लावू." त्याने ब्रश डब्यात टाकला. "कोनाला सांगलंस?"

"अजून नाही. उद्या लेखी देणार आहे."

"हऱ्या, आठ दिस गप ऱ्हा. नारल फुटू दे, पाया खनू दे, चुली पेटू दे. मंग ज्याला सांगाचा त्याला सांग."

"चुली पेटल्यावर सांगून काय उपयोग? मग काय चुली डोक्यावर घेऊन उठणार आहात?"

"उठाचा कशाला? उठाचाच नाय. म्हनून तं बोलतंय."

"भिंत अंगावर पडली म्हणजे?"

"समुद्रान तीस वर्सां गेलो, तो कदी पास झालेला होता काय?"

मी वैतागून उठलो. तीन वर्षं गाळ्यात कोंडून म्हाताऱ्याची अक्कल गहाण पडली, असं मला मनापासून वाटलं. आज ते आठवलं की माझी मलाच शिसारी येते. मी दोन पावलं गेलो असेन, तर त्याने हाक मारली. वळून पाहिलं तर बा उभा होता आणि त्याने हात जोडले होते. डांबराने काळे झालेले हात. वादळात होडी सोडून द्यायची वेळ आली तेव्हाही ज्याने कुणाला हात जोडले नाहीत, तो माणूस स्वतःच्या पोरापुढे हात जोडून उभा होता आणि बोलत काहीच नव्हता.

मला लाज वाटली. त्याची नव्हे, त्याने हे माझ्यावर आणलं याची. मी गाळ्यात गेलो आणि अर्ज लिहायला घेतला.

खानोलकर साहेबांनी सकाळी तो दोनदा वाचला. ते आमचे वरिष्ठ अभियंता. तोंडाने फटकळ, पण कामाला पक्के.

"लेखी देतोयस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"वडिलांना विचारलंस?"

"त्यांचा यात काय संबंध, सर?"

"जागा त्यांची आहे म्हणून म्हटलं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "समजा, मी हे पुढे पाठवलं नाही. समजा, म्हटलं, घरंच बांधायची आहेत, तीही बैठी, चालून जाईल."

"तर मी पाठवेन."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग "शाबास" म्हणाले. इतक्या कोरड्या आवाजातली शाबासकी मी पुन्हा कधी ऐकली नाही. मी मात्र फुगलो. मला वाटलं, साहेब घाबरले.

भूमिपूजन रद्द झालं. सोपानला त्याच दिवशी काढलं. जाण्याआधी वळकटी खांद्यावर घेऊन तो प्रयोगशाळेच्या दारात आला.

"सायेब, माझं चुकलं व्हय?"

"अर्जात मी माझीही चूक लिहिली आहे," मी म्हणालो.

"मंग तुमाला न्हाई काढलं?"

"नाही."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि ते त्याने खरंच मनापासून म्हटलं. त्यानंतर तो कुठे गेला, मला माहीत नाही. मी कधी चौकशीही केली नाही.

होळी गाळ्यांपुढेच पेटली. आमच्या घरचा नारळ होळीत टाकायला आम्हाला कुणी पुढे होऊ दिलं नाही. पारूआते, माझ्या बापाची सख्खी बहीण, जिने मला कडेवर खेळवलं, ती सगळ्यांदेखत म्हणाली, "आमचे घरान शिकवला आनि आमचेच घरावर नांगर फिरवलान." बा शेजारीच उभा होता. त्याने माझी बाजू घेतली नाही आणि तिचीही घेतली नाही. त्या सबंध वर्षात त्याने मला त्याबद्दल एक शब्द विचारला नाही.

जमीन पक्की करायचं काम भराव घालणाऱ्या ठेकेदाराच्या गळ्यात पडलं आणि या वेळी ते चोख झालं. यंत्राने जमिनीत हजारो कापडी पट्ट्या उभ्या घुसवल्या, म्हणजे गाळातलं पाणी त्यांच्यातून वर चढेल. वरून मुरमाचा बारा फूट उंच ढीग, सहाच्या सहा एकरांवर. आठ महिने तो ढीग जमीन दाबत होता. रोज पट्ट्यांतून खारं पाणी पाझरायचं आणि मी रोज सकाळी सातला जाऊन जमीन किती बसली ते मोजायचो. जवळजवळ साडेचार फूट बसली. साडेचार फूट! त्यावर घरं बांधली असती तर, हा विचार करून मला झोपेतून दचकून जाग यायची आणि मग बरं वाटायचं, की आपण बरोबर होतो.

ढीग काढल्यावर नवा क्रेनवाला आला. त्याच्याशी मी ओळखसुद्धा करून घेतली नाही. चाचणीच्या दिवशी क्रेन बंद करायला लावून मी डोळे मिटून पाठीमागे खडा फेकायचो, तो पडेल तिथे तिकाटणं. सत्तावीस. एकतीस. चौतीस. एका ठिकाणी एक्केचाळीस. चाळीस जागा तपासल्या. सगळ्या बंदरात तेवढी घट्ट जमीन दुसरी नव्हती, आणि हे मी नाही, खानोलकर साहेब म्हणाले.

मी गाळ्यांपुढच्या मोकळ्या जागेत माणसं जमवून आकडे वाचून दाखवले. वीस म्हणजे पास, हे एव्हाना पोराटोरांना माहीत होतं. प्रत्येक आकड्याला लोक माना डोलवत होते. पारूआतेने माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि रडली. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस होता.

बा मागे बसला होता. सगळे पांगल्यावर त्याने विचारलं, "खरा आकडा हाय?"

"खरा."

"सगले ठिकानी?"

"सगळीकडे, बा. खाडीच्या कडेलासुद्धा."

त्याचा चेहरा उतरला. मला वाटलं, म्हातारा थकला, किंवा चुकलो हे कबूल करणं त्याला जड जातंय. मी मोठ्या मनाने विषय वाढवला नाही.

अकराव्या दिवशी दोन जीप आल्या. आठ-दहा माणसं उतरली आणि त्यांनी सहा एकरांत लाल झेंडे रोवायला सुरुवात केली. मला वाटलं, घरांची आखणी. पण दोन झेंड्यांमधलं अंतर घराचं नव्हतं. मी पळतच खानोलकर साहेबांकडे गेलो.

"कंटेनर यार्ड," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता टेबलावरचे कागद नीट करत होते. "तुझा अहवाल मुख्यालयात वाचला. पाच थर झेलेल म्हणतात ती जमीन. धक्क्याला लागून अशी जागा घरांसाठी वाया घालवायची नाही, असं वर ठरलंय."

"पण करार आहे."

"करारात 'ही अथवा अन्य योग्य जागा' असं आहे. मी वाचलाय. तूही वाचायला हवा होतास."

ते उठले, खिडकी लावली आणि मग हळू आवाजात बोलले.

"तो कोपरा गाळाचा होता, नाखवा. भराव घालतानाच माहीत होतं. बंदराच्या काही कामाचा नव्हता, म्हणून तुमच्या वाट्याला आला होता."

"हे तुम्ही मला तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तू विचारायला आला नव्हतास. सांगायला आला होतास."

मग मला कळलं, बा काय मागत होता. पाया खणलेला असता, ब्याऐंशी चुली पेटलेल्या असत्या, तर तिथून गाव उठवायची कुणाची छाती झाली नसती. मग जमीन कच्ची आहे म्हणून आम्ही ओरडलो असतो आणि त्यांना आमच्या पायाखालीच ती पक्की करून द्यावी लागली असती, किंवा नसती. पण आम्ही तिथे असतो. बाला हे सगळं ठाऊक होतं. समजावून सांगायला त्याच्याकडे शब्द नव्हते म्हणून त्याने हात जोडले, आणि मी त्याला अडाणी ठरवलं.

मोर्चा निघाला, निवेदनं दिली, दोन दिवस रस्ता अडवला. काही झालं नाही. दांडपाड्याला खाडीपासून बावीस किलोमीटरवर, डोंगराच्या उतरणीला जागा मिळाली. सगळा काळा कातळ. तिथे माती तपासायची गरजच नव्हती. घरं चांगली बांधली, खोटं का बोला. एकाही भिंतीला आजवर तडा नाही. होड्या मात्र कातळावर नेता येत नाहीत. काही विकल्या, उरलेल्या खाडीकाठी उन्हात उकलून गेल्या. बाने डांबर लावलेली आमची होडी दोन पावसाळे टिकली. पुढे गावातली तरणी माणसं बंदराच्या गेटवर पहाऱ्याला लागली आणि बायकांनी बाजारात दुसऱ्याचे मासे विकायला घेतले. माझ्याशी कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. पारूआते मला रस्त्यात दिसली की पदर डोक्यावरून पुढे ओढून घ्यायची, परक्या माणसासमोर ओढतात तसा.

मला बढती मिळाली. सचोटीबद्दल, असं पत्रात होतं. ते पत्र मी बाला दाखवलं नाही. त्या सहा एकरांवर आज कंटेनर पाच-पाच थर उभे असतात. पावसाळा संपला की जमीन बसली का ते मोजायला दरवर्षी मीच जातो. पंचवीस वर्षं होऊन गेली, एक इंचही हललेली नाही.

बाला माझी मोजणी कधी असते ते पाठ होतं. मी मोजून घरी आलो की तो ओटीवरच्या खाटेवरून विचारायचा, "खचली काय रं?"

"नाही, बा."

"जरा पन नाय?"

"जराही नाही."

मग तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. दरवर्षी एवढंच बोलणं. सोळा वर्षं मी त्याला खरा आकडा सांगितला.

सतराव्या वर्षी त्याची दृष्टी गेलेली होती आणि अन्न तुटलं होतं. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. मी बूट काढत होतो तेवढ्यात आवाज आला.

"खचली काय रं?"

मी खाटेच्या कडेला बसलो. वही माझ्या हातातच होती.

"खचली, बा," मी म्हणालो. "चार बोटं. खाडीच्या अंगाला."

तो उठायची खटपट करायला लागला. मी पाठीमागे हात घालून त्याला बसवला. त्याने पेजेची वाटी मागून घेतली आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा ती संपवली. वाटी माझ्या हातात देताना म्हणाला, "चार नसंल. नीट मोज. जास्त असंल."